काळ्या डोहाचं माप

शुक्रवार, ८ नोव्हेंबर १९४६. जत.

नानासो फौजेतून परत आला. दोन्ही हातपाय शाबूत ठेवून आला. खिलारी बैल बघायला सांगलीच्या तालमीतला अर्जुना जतच्या बाजारात आला होता, त्यानं सांगितलं. इटलीत कुठलीशी नदी पोहून पलीकडं दोर नेला म्हणे, म्हणून त्याला नाईक केलं. अर्जुना हे सांगताना असा फुगला होता, की जणू दोर यानंच नेला होता.

"लगीन केलं का त्यानं?" मी सहज विचारलं.

"न्हाई की. घरातली लय मागं लागल्यात. ह्यो ऐकत न्हाई."

कोण देणार मुलगी असल्याला. माझ्या बहिणीच्या, विजाच्या आयुष्याचं वाटोळं करून हा माणूस तीन वर्षं बंदूक मिरवत हिंडला आणि आता गावात हारतुरे घेतोय. मी मात्र या उजाड माळावर संस्थानाच्या तलावांची मापं घेत बसलोय. अर्जुनाला चहा पाजून वाटेला लावलं. विजाला काही सांगितलं नाही. ती आत भाकऱ्या थापत होती. मधेच थापायचा आवाज थांबला होता, पण तिला काही ऐकू गेलं नसावं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

तीन दिवस तेच डोक्यात घोळतंय. एकदा लिहून टाकतो.

त्रेचाळीस सालच्या श्रावणात कृष्णेला पूर आला होता. मी तेव्हा सांगलीत नोकरीला. विजयमालाचा नानासोशी साखरपुडा होऊन महिना झाला होता. वडील गेल्यापासून घरचा कर्ता मीच, सोयरीकही मीच जुळवली होती. पूर आला की तालमीची पोरं पुलावरून उड्या टाकतात. सगळी सांगली बघायला लोटते. त्या दिवशी मलाही कठड्यावर चढवलं. आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णाकाठचंच. पोहता मला येतं. पण खाली ते तांबडं पाणी बघितलं आणि पाय उचलेना. मागून पोरं मोजत होती. मी उतरलो.

तेव्हा नानासो पाण्यात होता. तिथून तो हसत ओरडला, "र्‍हाऊ द्या, आमचा पाव्हणा कोरडाच बरा हाय."

सगळा पूल हसला. काठावर बायका होत्या, त्याही हसल्या. दुसऱ्या दिवशी बाजारात वाण्यानं मला "या कोरडं पाव्हणं" म्हटलं. वर आणखी, नानासो पाण्यातून निघून आला तो सरळ माझ्या खांद्यावर स्वतःचा पंचा टाकून म्हणाला, "पाव्हणं, म्होरल्या साली मी शिकिवतो तुमाला." जखमेवर मीठ चोळायचं म्हणतात ते हेच.

आठ दिवसांत मी सोयरीक मोडली. साडी आणि नारळ परत पाठवले. त्याचा चुलता दोनदा पायऱ्या चढून आला. त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. विजाला सांगितलं, त्यांनीच नकार कळवला. खरं सांगितलं असतं तर तिनं उगाच वाद घातला असता. चार दिवस ती जेवली नाही. ते चार दिवस मी त्या माणसाच्या नावावर मांडून ठेवलेत.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज घळ बघून आलो. जतपासून तीन मैल. सपाट माळ चालता चालता एकदम पायाखाली चिरलेला दिसतो. वर कुसळं आणि निवडुंग, खाली काळ्या खडकात एकापुढं एक असे सात डोह. एवढ्या कोरड्या मुलखात एवढं पाणी लपून बसलंय हे उतरल्याशिवाय कळत नाही. घळीच्या तोंडाशी बांध घालता येईल का, ते बघायचं आहे. बरोबर बिराप्पा मेंढका होता. त्याची बायको हरणाबाई आमच्याकडं ताक घालते.

दगडावरून दगडावर हात टेकत चढावं लागतं. पहिले तीन डोह मापले. तिसरा चांगला तीन परस, म्हणजे तीन माणूस खोल निघाला. चौथा बघितला आणि थबकलो. दोन्हीकडून कडे जवळ आलेले, ऊन खाली पोचत नाही, वर दीड माणूस उंचीचा सपाट कट्टा आणि खाली शाईसारखं काळंभोर पाणी. कृष्णाकाठच्या माणसाला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं, की पाणी काळं दिसेल तिथं तळ नाही. मी काठी घेऊन काठावरूनच वाकलो.

बिराप्पा हसला. "इल्ला सायेब, इल्ला," असं कानडीत नाही-नाही म्हणाला आणि धोतर न आवरता चालत मधोमध जाऊन उभा राहिला. पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर चार बोटं. तळाचा खडक काळा म्हणून पाणी काळं. "कातरायच्या आदी मेंढरं आमी हितंच धुतो. करडूसुदीक बुडत न्हाई."

मी मापून वहीत टिपलं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सुचलं.

मला काहीही करायचं नाही. ढकलायचं नाही, हात लावायचा नाही. तो कट्टा आणि ते पाणी बघितल्यावर नानासो मान खाली घालून सूर मारल्याशिवाय राहणार नाही. चार माणसं बघत असली की त्याच्या अंगात येतं. मी फक्त गप्प राहायचं. गप्प राहणं हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही.

मान मोडेल किंवा निदान कंबर. मग बघू कोण कुणाला कोरडा म्हणतो.

रविवार, २४ नोव्हेंबर

तालमीच्या वस्तादांना पत्र टाकलं. झकास लिहिलं. इकडं सात डोहांची घळ आहे, चढण अशी की जोर-बैठकांचं चीज व्हावं, पाणी थंडगार, पोरांना चार दिवस घेऊन या, उतरायची-जेवायची सोय माझी. शेवटी लिहिलं, "नाईक नानासो यांनाही आग्रहाचं निमंत्रण. झालं गेलं आम्ही विसरलो आहोत." हे वाक्य तीनदा वाचलं. अक्षर कुठंही हललेलं नाही.

पत्रावरून आठवलं. चव्वेचाळीस साली त्याची तीन पत्रं आली होती, फौजेचा शिक्का असलेली, विजाच्या नावावर. मी चुलीत घातली. पहिलं तेवढं फोडलं होतं. 'माझं काय चुकलं एवढं तरी कळवावं' असं काहीतरी होतं. साळसूदपणा बघा.

विजासाठी त्यानंतर तीन स्थळं आली, एकही माझ्या पसंतीस उतरलं नाही. एकाचे दात पुढं, एकाची आई तोंडाळ, तिसऱ्याचं गाव फार लांब. या परमुलखात माझी आबाळ होऊ नये म्हणून ती पोर राबते आणि तक्रारीचा शब्द काढत नाही. तिच्या हातच्या पातळ भाकरीसारखी भाकरी इथं कुणाला जमत नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

वस्तादांचं उत्तर आलं. सहा जण येणार. शुक्रवारी वीस तारखेला जत रोड स्टेशनला उतरतील, तिथून बैलगाडीनं. नानासो येतोय. "त्यो तर म्हणाला, कवा निघायचं" असं वस्तादांनी जसंच्या तसं लिहिलंय. येणारच. मिरवायला नवी जागा मिळाली.

विजाला आज सांगावंच लागलं. मी म्हटलं, "तो माणूस पण येतोय. तू स्वयंपाकघरातच राहा. तोंड बघायची गरज नाही."

ती चुलीपुढं बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. संतापाचंच. आमच्या घराण्याचा ताठा तिच्यातही आहे. जरा वेळानं विचारलं, "कुटल्या डोहात पोवणार त्ये?"

"सगळ्या. चौथ्याच्या कट्ट्यावरून उड्या मारतील."

"चवथ्याच्या?" ती माझ्याकडं बघत राहिली.

"तुला काय करायचंय डोहांशी," मी म्हटलं.

रविवार, १५ डिसेंबर

आज एकटाच घळीत जाऊन आलो. कारण नव्हतं. चौथा डोह परत मापला. पाणी दोन बोटं उतरलंय.

कट्ट्यावर उभा राहिलो. मला तळ माहीत आहे, तरी वरून बघताना दोन पावलं मागं सरलो. तिथं बसून विचार केला, की समजा मेला तर. नुसता लुळा पडला तर त्याची आई त्याला भरवेल आणि मला रोज कळत राहील. त्यापेक्षा मेलेला बरा. हा विचार माझ्याच डोक्यात आला हे बघून थोडं चरकलो. पण मग वाण्याचं ते "या कोरडं पाव्हणं" आठवलं आणि सगळं जागच्या जागी बसलं. त्या हाकेमुळंच मी सांगलीची नोकरी सोडली आणि इथं येऊन पडलो. तो फौजेतून मोठा होऊन आला, मी या माळावर वाळतोय. फिटंफाट व्हायलाच हवी.

शुक्रवार, २० डिसेंबर

आले. चाळिशीतले वस्ताद, अर्जुना, तिघं नवी पोरं आणि तो. वाळलाय. कानशिलाजवळ केस पांढरे झालेत, सत्ताविसाव्या वर्षी. गाडीतून उतरून सरळ माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले.

"पाव्हणं, तुमचं पत्र आलं आन् मला लय बरं वाटलं," म्हणाला. अजून पाव्हणं म्हणतो. सोयरीक मोडून तीन वर्षं झाली, तरी जीभ वळत नाही याची. मग घराच्या दाराकडं बघत उभा राहिला. उंबऱ्याजवळ हिरवं लुगडं हललं. विजाला मी आत राहा म्हणून सांगितलं होतं. हे लुगडं ती सणालासुद्धा काढत नाही. पाहुण्यांपुढं घराची शोभा राखावी एवढाच तिचा विचार असणार.

शनिवार, २१ डिसेंबर

पहिले तीन डोह झाले. पोरं वेड्यासारखी डुंबली. तिसऱ्यात नानासोनं उंच खडकावरून सूर मारला तो सुरीसारखा आत गेला, थेंब उडाला नाही. पोटात दुखलं माझ्या. पण नंतर तो तासभर एका भित्र्या पोराला धरून बसला होता. पोटाखाली हात दिलेला. "भ्याचं न्हाई रं. भ्यालं तरी चालतंय, पर पानी सोडायचं न्हाई. मी बी भ्यालो हुतो तिकडं, नदीत." असली नाटकं करून पोरांना वश करतो.

मला म्हणाला, "पाव्हणं, उतरा की. हितं वरून बघणारं कुणी न्हाई." मी नको म्हटलं.

दुपारी विजा आणि हरणाबाई भाकऱ्या घेऊन घळीत आल्या. मी येऊ नको म्हणून बजावलं होतं. वाढताना नानासोच्या पानाशी विजा थांबली. मी लांब होतो, ऐकू आलं नाही. तो काहीतरी बोलला, मग तिनं काहीतरी विचारलं, मग त्यानं तीन बोटं वर केली. ती तशीच हातात कालवणाचं भांडं धरून उभी. मग तिनं माझ्याकडं बघितलं. तीन भाकऱ्या म्हणाला असेल. खाण्यात कधी मागं नव्हता.

घरी आल्यावर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्याचं तोंड बघावं लागलं म्हणून चिडलीय. उद्या तिचाही हिशोब चुकता होईल.

रविवार, २२ डिसेंबर

झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळी चौथ्या डोहाशी पोचलो. पोरं काठावरच थांबली ते पाणी बघून. वस्ताद म्हणाले, "बाप रं, काय काळं हाय." नानासोनं सदरा काढला. बिराप्पा मेंढरं घेऊन वरच्या अंगाला गेला होता. तो नसेल अशीच वेळ मी काढली होती.

नानासो कट्ट्यावर चढला. पुढं येऊन वाकून बघितलं. मग माझ्याकडं वळला. हे मी धरलं नव्हतं.

"पाव्हणं, तुमी मापलंय म्हणं ह्ये. किती हाय वो?"

सगळे माझ्याकडं बघत होते. गप्प राहायचं ठरलं होतं, आणि आता गप्प राहता येत नव्हतं. मी म्हटलं, "काळं दिसतंय की."

हे खोटं नव्हतं. काळंच दिसत होतं.

"मग झालं तर," तो म्हणाला. हात जोडून वर नेले. माझ्या तोंडाला कोरड पडली. एक सांगायचंच राहिलंय, ते इथं तरी सांगतो. त्या क्षणी मला बरं वाटत होतं. भीतीही होती, पण तिच्या खाली बरं वाटत होतं.

तेवढ्यात मागून पाटी आपटल्याचा आवाज झाला. भाकऱ्या दगडावर सांडल्या. विजा माझ्या अंगाला घासून पुढं गेली ती तशीच, लुगड्यासकट, पाण्यात. पोरं ओरडली. ती चालत राहिली. मधोमध, बरोबर कट्ट्याच्या खाली जाऊन उभी राहिली. पाणी तिच्या गुडघ्याशी होतं.

नानासोचे जोडलेले हात खाली आले.

"हितं आमी वाकळा धुतो," विजा म्हणाली. "मी आन् हरणाबाय. दर म्हयन्याला."

घरात पाण्याचा हंडा मोजून वापरावा लागतो, एवढ्या जाड वाकळा धुऊन येतात कुठून, हे मी दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

नानासो कट्ट्यावरच मटकन खाली बसला. वस्तादांनी दोन्ही हात कानाला लावले. विजानं त्यांच्यापैकी कुणाकडं बघितलं नाही. ती माझ्याकडं बघत होती. पाण्यातून चालत काठाशी आली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "दादा, तू मापलं तवा किती आलं हुतं?"

"गुडघ्याच्या वर चार बोटं," मी म्हटलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

तिनं मान हलवली. मग खाली बसून सांडलेल्या भाकऱ्या गोळा करू लागली.

सोमवार, २३ डिसेंबर

गेले. विजाही गेली. रहिमतपूरला मामाकडं पोचवायला वस्तादांना सांगितलंय तिनं. मला विचारलं नाही, आणि अडवायला माझं तोंड नव्हतं.

तिनं कुणालाच काही सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं ती आरडाओरडा करेल, चार माणसांत काढेल. तसं केलं असतं तर मीही ओरडलो असतो, पुलावरचं सगळं काढलं असतं. त्याऐवजी नानासो गाडीत चढायच्या आधी माझ्याजवळ आला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "पाव्हणं, मनाला लावून घिऊ नका. तुमी तरी काय करणार, इतकी मापं घेता, एकाद्याची याद ऱ्हात न्हाई." त्याचे डोळे भरले होते. मी हात सोडवून घेतले.

विजा गाडीत पाठमोरी बसली होती. मी म्हटलं, "मी जेवणाचं काय करू?" तिनं वळून बघितलं नाही.

बुधवार, १ जानेवारी १९४७

भाकरी जमत नाही. कडा फाटतात. चार वाजता नोकरीचा राजीनामा लिहिला, साडेचारला फाडला.

अजून त्याचा राग येतो. येतो म्हणजे मी आणतो. सकाळी उठून तो वाणी, तो पूल, ते हसणं आठवतो, पण मधेच ती पाण्यात चालत जाताना दिसते आणि राग पुढं सरकत नाही. आता मला कळेना, की मी कुणावर सूड उगवणार होतो आणि कुणासाठी.

शुक्रवार, १७ जानेवारी

मामांचं कार्ड आलं. विजाचं लग्न नानासोशी माघात धरलंय. कन्यादान मामा-मामी करणार. "तुला सवड असली तर ये" एवढंच शेवटी. तीन ओळींचं कार्ड.

दुपारी बिराप्पा आला. नवा तांबडा पटका बांधलेला. उकिडवा बसला, खूप वेळ घोंगडीचा काठ चाचपत राहिला. मग म्हणाला, "सायेब, ताईसायबांचा सांगावा आलाय. मला लग्नाला बलीवलंय. भाऊ म्हणून."

"बरं," मी म्हटलं.

"नवऱ्याचा कान पिळायचा म्हणं मी. आमच्यात ह्ये ऱ्हातंय निराळं. तुमच्यात कसं पिळत्यात? हळू का जोरात? मानूस फौजेतला हाय, रागावला-बिगावला तर?"

आमच्यात नवरीच्या भावानं मांडवात नवऱ्याचा कान पिळायचा असतो, बहिणीला नीट वागव म्हणून. भाऊ नसला तर कुणीतरी मानलेला पुढं होतो. भाऊ असताना दुसऱ्यानं पिळलेला मी अजून बघितलेला नाही.

बिराप्पाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो खरंच काळजीत होता, आपल्या हातून ताईसायबांचं कार्य बिघडू नये म्हणून.

मी सांगितलं, "उजवा कान धरायचा. असा चिमटीत. आणि पिळायचा."

"जरा दावा की सायेब. मला सांगून उमगत न्हाई."

त्याच्या कानाकडं हात नेला. ऊन-वाऱ्यानं रापलेला कान, त्यात सोन्याची बारीक बाळी. त्या कानाला हात लावायचा हक्क मला वाटेना. मी त्याच्यापुढं खाली बसलो आणि मान कलती केली.

"माझाच धर," मी म्हटलं.

त्यानं आधी नुसता धरला. "लागलं का?"

"नाही. आणखी जोरात."

त्यानं पिळला. डोळ्यांत पाणी आलं. तो घाबरून सोडायला लागला, तेव्हा मी त्याचं मनगट धरून ठेवलं आणि सांगितलं, एवढ्यानं होत नाही, अजून पीळ.